लेबल, गोदाम, अभ्रक : कोलाजच्या तीन फलकांच्या प्रकल्प नोंदी (ठाणे, जून ते ऑगस्ट २०२५)

१ जून, रविवार

तीन फलक करायचे ठरले. पहिला तयार कपड्यांचा, दुसरा घरपोच येणाऱ्या पार्सलचा, तिसरा सौंदर्यप्रसाधनांतल्या चमकीचा. प्रत्येक दोन बाय तीन फूट. विषय एकच आहे. जाहिरातीत वस्तू दिसते, पण ती बनवताना, उचलताना, खणून काढताना माणसाचं जे जातं ते दिसत नाही. दोन्ही एकाच कागदावर यायला हवं.

दोन नियम आजच लिहून ठेवले. पहिला : फलकातला आकडा प्रेक्षकाला बोटाने मोजता आला पाहिजे. ‘हजारो’, ‘असंख्य’ हे शब्द नकोत. दुसरा : साहित्य शक्यतो त्या त्या धंद्यातलंच घ्यायचं, म्हणजे कपड्याचं लेबल, पार्सलचा खोका, खरा अभ्रक. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलाकाराने १९१९ मध्ये आपल्या कामाला ‘मेर्त्स’ नाव दिलं ते एका बँकेच्या जाहिरातीतल्या ‘कॉमेर्त्स’ या शब्दाचा तुकडा कापून. बाजाराच्या कागदातूनच बाजाराबद्दल बोलायची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून कामाची आहे.

जांभळी नाक्याजवळच्या रद्दीवाल्याकडून गुळगुळीत पुरवण्या आणि पूर्ण पानाच्या सेलच्या जाहिराती निवडून आणल्या. अकरा किलो. गेल्या दिवाळीचे अंक सर्वांत उपयोगी, जाहिराती भरपूर आणि कागद जाड.

८ जून, रविवार

६ मिमी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) आठ बाय चारची एक शीट आणून कापून घेतली. दोन बाय तीनचे पाच तुकडे निघतात : शीटच्या लांबीत तीन फुटांच्या दोन ओळी, प्रत्येकीत दोन तुकडे, आणि उरलेल्या दोन बाय चारच्या पट्टीतून पाचवा. करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं, त्यामुळे हातात येतो तो तुकडा नेमका ६१ सेंमी नसतो. आमचे ६०.७ ते ६०.९ भरले. आखणी कागदावरच्या मापावरून न करता प्रत्यक्ष फळी मोजून करायची. तीन फलकांना, दोन चाचण्यांना. एका फळीचं वजन साधारण अडीच किलो, भिंतीवर टांगायला अडचण नाही.

यंदा पाऊस २६ मेलाच आला आहे. एमडीएफच्या कडा दमट हवेत फुगतात, म्हणून चारही कडांना आणि दोन्ही बाजूंना प्रायमरचे दोन हात. दोन हातांत एक पूर्ण दिवस ठेवला.

१५ जून, रविवार

चिकटवण्याच्या चाचण्या. एका फळीवर १० बाय १० सेंमीचे वीस चौकोन आखून प्रत्येकात वेगळा कागद, वेगळा गोंद.

वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, गोंद लागताच पसरतो आणि सुकताना आकसतो. तो आकसतोही एकाच दिशेला. कागदाला दाणा असतो. फाडून पाहिलं की कळतं : वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. ओला कागद दाण्याला आडव्या दिशेने जास्त वाढतो. म्हणून शेजारी शेजारी येणाऱ्या मोठ्या तुकड्यांचा दाणा एकाच दिशेला ठेवायचा, नाहीतर सांध्यावर सुरकुती येते आणि ती नंतर कशानेच जात नाही.

गुळगुळीत पुरवणीच्या कागदाची गोष्ट वेगळी. त्याला मागून गोंद लावून लगेच डकवला तर दोन मिनिटांनी फुगे येतात, कारण कागद फळीवर गेल्यावर वाढायला लागतो. गोंद लावून दोन मिनिटं तसाच मुरू द्यायचा, वाढ पूर्ण होऊ द्यायची, मग ठेवायचा आणि मधून कडेकडे रबरी रोलर फिरवायचा. वर्तमानपत्राला मात्र मागून गोंद लावूच नये, फाटतो. गोंद फळीला, कागद कोरडा.

फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग हे प्रमाण बसलं. जास्त पातळ केलं तर वर्तमानपत्राच्या मागच्या पानाची छपाई पुढे दिसू लागते.

फळीच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद, त्याच दाण्याने, डकवायचा. नाहीतर फळी पुढच्या बाजूला वाकते. चाचणीची फळी दोन दिवसांत ४ मिमी वाकली.

१७ जून, मंगळवार

घरगुती इंकजेट प्रिंट ओल्या गोंदावर फुटल्या, सगळा रंग पसरला. दुकानातली लेझर झेरॉक्स जशीच्या तशी राहिली. यापुढे फक्त झेरॉक्स.

दुकानांची बिलं वापरायची कल्पना होती, पण तो कागद उष्णतेने छपाई होणारा. मागून कोमट इस्त्री फिरवली तर पूर्ण काळा पडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली बिलं काही आठवड्यांत फिकी पडतात. बिल हातात आलं त्याच दिवशी झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्सच वापरायची. या कागदावर बिस्फेनॉल ए किंवा त्याच्या जवळचं रसायन असू शकतं, तेव्हा हाताळून झाल्यावर हात धुवायचे. मोठ्या दुकानातल्या गल्ल्यावरची मुलगी हा कागद दिवसभर फाडून देते.

२२ जून, रविवार

पहिला फलक बांगलादेशातल्या एका कोसळलेल्या इमारतीबद्दल आहे. ढाक्याजवळ साभार इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ च्या सकाळी कोसळली. १,१३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. त्या वेळी तिथलं किमान वेतन महिन्याला ३,००० टका होतं.

ढिगाऱ्यातून कामगार संघटनांच्या लोकांनी कपड्यांची लेबलं वेचली. कोणत्या ब्रँडचा माल तिथे शिवला जात होता याचा पुरावा त्या लेबलांमधून मिळाला. या फलकात लेबलच का, याचं उत्तर हेच आहे.

१,१३४ = २७ × ४२. म्हणजे २७ उभे रकाने आणि ४२ आडव्या ओळी, एकही घर मोकळं न राहता. एका घराचं माप २.१ बाय २ सेंमी. पूर्ण जाळी ५६.७ बाय ८४ सेंमी, फळीवर दोन्ही बाजूंना दोन सेंमी आणि वर-खाली साडेतीन सेंमी मोकळं राहतं. प्रत्येक तुकडा १.९ बाय १.८.

कपड्याच्या बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांचं लांब लेबल असतं, त्यातून तीन तुकडे निघतात. म्हणजे ३७८ लेबलं लागणार. घरातल्या जुन्या कपड्यांवर ती पुरणार नाहीत. बोहारणीकडे विचारायचं. गळ्याजवळचं ब्रँडचं लेबल मात्र कापायचं नाही, त्यावर जुन्या कपड्याचा भाव ठरतो आणि ते गेलं तर तिचं नुकसान. बाजूच्या लेबलाने भावात फरक पडत नाही.

लेबलांची धार सुटते. पॉलिएस्टरच्या लेबलाची कड पेटत्या अगरबत्तीच्या टोकाने हलकी फिरवली की वितळून बंद होते. सुती लेबल जळतं, त्याला कडेने पातळ फेविकॉलचं बोट.

२९ जून, रविवार

मांडणीचा पहिला प्रयत्न रद्द केला. सेलच्या जाहिरातीतली हसणारी मॉडेल आणि शेजारी ढिगाऱ्यातला फोटो, अशी जोडी केली होती. आठवडाभर भिंतीवर ठेवून पाहिली. डोळा थेट मृतदेहाकडे जातो आणि तिथेच थांबतो, कपड्याकडे परत येतच नाही. शिवाय ज्या बाईचा तो फोटो आहे तिला कुणी विचारलेलं नाही. तिच्या मरणाचं चित्र लक्ष वेधण्यासाठी वापरणं म्हणजे जाहिरातवाले करतात तेच करणं. तिन्ही फलकांत बळी पडलेल्या कुणाचाही चेहरा नाही, हा तिसरा नियम.

विरोधी चित्रांच्या जोड्या लावणं मुळातच चुकीचं आहे असं नाही. अमेरिकी कलाकार मार्था रोझलर यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात मासिकांतल्या सजवलेल्या दिवाणखान्यांत युद्धाचे फोटो बसवले आणि त्या चित्रांच्या झेरॉक्स काढून युद्धविरोधी मोर्च्यांत वाटल्या. तिथे घर आणि युद्ध एकाच खोलीत येतात, दृष्टिकोन आणि प्रकाश जुळवलेला असतो. आमच्या जोडीत दोन फोटो नुसते शेजारी होते.

६ जुलै, रविवार

फलक एकची बांधणी. सॅटिनचं लेबल फेविकॉलने नीट धरत नाही, दोन दिवसांत कोपरे सुटतात. म्हणून शिवायचं. एमडीएफवर शिवता येत नाही, तेव्हा मध्ये कापड घेतलं : मांजरपाट, धुऊन इस्त्री केलेलं, ७० बाय १०० सेंमी. त्यावर सेलच्या जाहिराती खळीने डकवल्या. फेविकॉलचा थर वाळून कडक होतो, सुई जड जाते. खळ मऊ राहते.

खळीचं प्रमाण : मैदा ५० ग्रॅम, पाणी ४०० मिली. आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर, पारदर्शक दिसेपर्यंत ढवळत राहायचं. बुरशी लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, म्हणून भांडं आणि चमचा वेगळा ठेवायचा आणि स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. पहिल्या घाण्यात मोरचूद घातला नाही.

शिलाई पायाच्या मशीनवर, सुई १४ नंबर. पहिल्या दोन ओळी बारीक टाक्यात, २ मिमीवर घातल्या. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडून कागद त्या रेषेवर फाटला. टाका ४ मिमी केल्यावर टिकला. प्रत्येक लेबलाची फक्त वरची कड शिवायची, खालची मोकळी. बोटाने लेबल उचललं की खालची जाहिरात वाचता येते, सोडलं की झाकली जाते.

जर्मन कोलाजकार हाना ह्योख बर्लिनच्या एका प्रकाशनसंस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायच्या, आणि त्याच मासिकांतून कापलेल्या कागदांचे कोलाज करायच्या. शिवण आणि कात्री यांचं नातं या कलेत सुरुवातीपासून आहे.

९ जुलै, बुधवार

अपेक्षेप्रमाणे बुरशी. मोरचुदाशिवायच्या खळीचा तुकडा चौथ्या दिवशी ठिपक्याठिपक्यांनी हिरवा झाला, कडेला कसरही दिसली. तो भाग काढून टाकला. पुढच्या घाण्यात एक ग्रॅम मोरचूद. शिवाय पंख्याखाली उभं टांगून वाळवायचं. गादीखाली दाबून ठेवायची सवय या हवेत सोडावी लागते.

१३ जुलै, रविवार

४२ ओळी पूर्ण. वरून खाली शिवत गेलो असतो तर खालच्या ओळी तिरक्या झाल्या असत्या, कारण प्रत्येक शिवण कापड किंचित ओढते. मधल्या २१ व्या ओळीपासून सुरू करून आळीपाळीने वर आणि खाली गेलो. तरीही एकूण उंची ११ मिमीने घटली. आखणी त्यामुळे तीन वेळा, दर चौदा ओळींनंतर नव्याने करावी लागली.

उजव्या खालच्या कोपऱ्यात किमतीचं स्टिकर. वेष्टनावर काय छापायचं हे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत सांगितलं आहे : उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क. तोच साचा, तोच अक्षरांचा आकार घेतला आणि किमतीच्या जागी लिहिलं ‘मासिक ३,००० टका’. ‘रु.’ चुकूनही येऊ नये, आकडा रुपयांचा वाटला तर अर्थ बिघडतो. महिना-वर्षाच्या जागी ‘एप्रिल २०१३’.

२० जुलै, रविवार

फलक दोन. ठाण्यात घरी येणाऱ्या बऱ्याच पार्सलांवर पाठवणाऱ्याचा पत्ता भिवंडीचा असतो. मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास गोदामंच गोदामं आहेत. आत काय चालतं ते बाहेरच्या पत्र्यावरून कळत नाही.

आकडा मात्र हरियाणातल्या मानेसरचा घेतला, कारण तो नोंदलेला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका गोदामात, २४ फुटी सहा ट्रकांमधला माल उतरेपर्यंत पाण्यासाठी किंवा शौचालयासाठी थांबणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतल्याची बातमी आली आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली.

प्रमाण १:१५. २४ फूट म्हणजे ७३१ सेंमी, फलकावर ४८.८ सेंमी. अशा सहा आडव्या पट्ट्या. रुंदी १३ सेंमी घेतली, मध्ये दीड सेंमी फट. रुंदीत थोडी तडजोड आहे, लांबी अचूक. १६० सेंमी उंचीचं माणूस या मापात १०.७ सेंमी येतं, पाण्याची बाटली पावणेदोन सेंमी. एकच आकृती, सपाट काळ्या कागदाची, सहाव्या पट्टीच्या शेवटी. बाटली पहिल्या पट्टीच्या अलीकडे. दोघांमधलं अंतर सहा ट्रकांचं.

पट्ट्या तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या. एक बाजू सोलून आतली नालीदार ओळ उघडी करायची. पुठ्ठा पिठाच्या खळीनेच जोडलेला असतो, म्हणून वरच्या कागदावर पाणी फवारून पाच मिनिटं थांबलं की तो सोलून निघतो. जास्त भिजवला तर नाल्याच बसतात. पाच प्लायचा खोका या कामाला नको, जड होतो आणि सोलताना मधला थर फाटतो.

पार्सलवरची लेबलं वापरायची तर नाव, पत्ता, फोन कापून टाकायचेच, पण बारकोड आणि क्यूआर कोडही. त्यातही माहिती असते. आम्ही फक्त पाठवणाऱ्याच्या गावाचा आणि पिनकोडचा तुकडा ठेवला : भिवंडी ४२१३०२.

कुरिअरची प्लॅस्टिक पिशवी नेहमीच्या कोणत्याच गोंदाला धरत नाही. फेविकॉल वाळून सालीसारखा निघाला. दोरा किंवा स्टेपल, दुसरा उपाय नाही.

२७ जुलै, रविवार

याच फलकाचं शीर्षक. सुरुवातीला मथळ्यांतून सुटी अक्षरं कापून वाक्य जुळवत होतो. देवनागरीत हे फसतं. प्रत्येक टंकाची शिरोरेखा वेगळ्या जाडीची आणि वेगळ्या उंचीवर, मात्रा आणि रफार कापताना सुटतात, जोडाक्षर मिळता मिळत नाही. रोमन अक्षरांसारखी सुटी कापाकापी इथे करू नये. पूर्ण शब्द कापायचे.

शब्द सापडला तो जाहिरातींच्या तळाशी : ‘अटी लागू’. जाहिरातीतला सर्वांत बारीक मजकूर. झेरॉक्सवर ४०० टक्के, मग त्या प्रतीवरून २०० टक्के. एकूण आठपट. मूळ दोन मिमीची अक्षरं सोळा मिमीची झाली, कडा ठिपक्यांत फुटल्या. त्या तशाच ठेवल्या, साफ केल्या नाहीत. हे शब्द मूळचे किती लहान होते ते त्या ठिपक्यांवरून कळतं.

३ ऑगस्ट, रविवार

फलक तीन, चमक. लिपस्टिक, आयशॅडो यांच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ असं लिहिलेलं असतं. तो अभ्रक. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागात १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर अधिकृत खाणी बहुतेक बंद पडल्या, पण टाकाऊ अभ्रक वेचणं चालूच राहिलं. त्याला तिथे ढिबरा म्हणतात. उंदराच्या बिळासारखे बोगदे खणून ढिबरा काढला जातो, मुलंही जातात, बोगदे कोसळतात.

अभ्रक ठाण्यातच मिळाला. जुन्या इस्त्रीच्या कॉइलला अभ्रकाचे पातळ पत्रे लावलेले असतात, दुरुस्तीच्या दुकानात ते निघतात. जपायची गोष्ट अशी की फार जुन्या इस्त्रीत पांढरट, तंतूंचा, कापडासारखा पत्राही असू शकतो. तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याला हात लावायचा नाही, ती इस्त्री परत द्यायची.

अभ्रकाचे पापुद्रे सुटतात हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. गोंदाने चिकटवला तर गोंद फक्त खालचा पापुद्रा धरतो, वरचे हलक्या धक्क्याने उडून जातात. भोक पाडून शिवला तर कडेपासून ४ मिमीच्या आत तडकतो. शेवटी खिडकीची पद्धत घेतली : दोन कागदांच्या मध्ये पत्रा सरकवायचा, वरच्या कागदात त्याच्याहून ५ मिमी लहान खिडकी. ब्लेडच्या टोकाने कोपऱ्यातून पापुद्रे वेगळे करताना मास्क, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. झाडू नाही, धूळ उडते आणि ती फुप्फुसाला वाईट.

मांडणी साधी आहे. जाहिरातीतला एक डोळा ए-३ आकारात, पापणीच्या जागी खिडकी, खिडकीत अभ्रक. त्याखाली घटकांची पूर्ण यादी, कपातीशिवाय, ‘सीआय ७७०१९’ भोवती लाल रेघ. डोळ्याच्या बाहुलीपर्यंत जाणारा बोगदा काळ्या कागदाचा, ४५ सेंमी लांब, तोंडाशी ४ सेंमी रुंद. प्रेक्षकाला त्यात हात घालता येत नाही एवढाच अरुंद.

१० ऑगस्ट, रविवार

वरचा लेप. चाचणीच्या फळीवर फेविकॉलचा हात फिरवला होता, तो या हवेत चिकटच राहिला, त्यावर धूळ आणि बोटांचे ठसे. पाण्यातलं मॅट अ‍ॅक्रिलिक व्हार्निश दोन पातळ हात, मध्ये सहा तास. फलक एकवर लेप नाही, लेबलं मोकळी हलायला हवीत. अभ्रकावरही नाही, चमक मरते.

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, त्यातला लिग्निन उजेडात आणि हवेत बदलतो. टिकवायचं असेल तर मूळ जाहिरातीऐवजी झेरॉक्स लावावी. आम्ही फलक एकमध्ये मूळ कागदच ठेवला. सेल संपल्यावर त्या कागदाचं जे होतं ते होऊ द्यायचं.

१७ ऑगस्ट, रविवार

टांगणी, नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात. प्रत्येक फळीला मागून दोन डी-रिंगा, वरून एक तृतीयांश उंचीवर, आणि नायलॉन दोरी. भिंत दमट असल्याने फळी आणि भिंतीत रबरी बुटांनी १ सेंमी हवा ठेवली. फलक एकचा मध्य जमिनीपासून १२५ सेंमीवर, नेहमीच्या १५० वर नाही, कारण सर्वांत वरची ओळही शाळेतल्या मुलांच्या हाताला लागायला हवी.

तिन्ही फलकांच्या ए-४ झेरॉक्स शंभर-शंभर काढल्या, कुणालाही न्यायला.

२४ ऑगस्ट, रविवार

आठवडाभरात लेबलं उचलून पाहिली गेली, तशी दोन निघाली. एक नवव्या ओळीतलं, एक छत्तिसाव्या. दोन्ही ठिकाणी शिलाई कागदातून गेली होती पण खालच्या मांजरपाटात रुतली नव्हती. हाताने, दुहेरी दोऱ्याने, मागून गाठ मारून परत लावली. मग दोघांनी वेगवेगळी मोजणी केली, एकाने ओळींनी, एकाने रकान्यांनी. १,१३४.